काहील कधी उतरवायची?

आमचे आबा गुळव्या होते, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ करणारे जाणकार. दसरा झाला की करवीर तालुक्यातल्या चार-पाच गावांतून त्यांना बोलावणं यायचं. गुऱ्हाळावर माणसं पुष्कळ. जळव्या चुलवाणात चिपाडं सारतो, कुणी भेंडीचं पाणी घालून मळी काढतं, कुणी ऊस ओढतं. पण काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरवायची कधी, हे मात्र एकटा गुळव्या सांगतो. आबा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचे, बोटांत गोळी वळायचे आणि म्हणायचे, "चला, घ्या." आता थर्मामीटर लावतात, ११८ अंशांच्या आसपास उतरवतात. लवकर उतरवली तर गूळ पावसाळ्यात पाझरतो. उशीर झाला तर काळा पडतो आणि मार्केट यार्डात सौद्याला दर पडलाच म्हणून समजा.

आबांची आठवण झाली ती माझ्या ट्रंकेमुळं.

पत्र्याची ट्रंक आहे, लग्नात आलेली. तीत चौदा कथा आणि एक कादंबरी आहे. कादंबरी नवव्या प्रकरणात विहिरीपाशी थांबलीय, नायिका अजून पाणी शेंदतेय. शाळेत मराठी शिकवत एकतीस वर्षं काढली, त्यात छापून आली ती एकच कथा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या शाहूपुरीत घरात शिरलं आणि ट्रंक बुडाली. पाणी ओसरल्यावर गच्चीत दोरी बांधून वह्यांची पानं चिमट्यांनी वाळत घातली. बॉलपेनानं लिहिलेलं टिकलं. शाईपेनाचं सगळं निळ्या ढगासारखं पसरलेलं. लेक चिमटे लावता लावता म्हणाली, "आई, एवढं लिहिलंस, मग छापलं का नाहीस?"

मी म्हटलं, वेळ कुठं होता. साफ खोटं. दर उन्हाळ्याची सुट्टी माझीच होती. त्या सुट्टीत मी काय करायचे, तर एकाच कथेची सुरुवात पुन्हा लिहायचे. अकरा वेळा लिहिलीय. अकरावी पहिल्यापेक्षा बरी आहे का, देव जाणे.

लोक म्हणतात आळस, नाहीतर भीती. असेलही थोडं. पण आळशी माणूस पंचवीस हजारांहून जास्त कागद लिहून ठेवील का? लिस्बनच्या फर्नांदु पेसोआ या कवीनं ठेवले. १९३५ मध्ये तो गेला तेव्हा ट्रंकभर कागद मागं राहिले (वाचलं तेव्हा माझी ट्रंक मला फारच लहान वाटली). हयातीत त्याचं पोर्तुगीज कवितांचं एकच पुस्तक निघालं, तेही मरणाच्या आदल्या वर्षी. ज्या गद्य पुस्तकासाठी आज जग त्याला ओळखतं ते १९८२ मध्ये आलं. त्याच्या तुकड्यांचा क्रम त्यानं ठरवलाच नव्हता, म्हणून प्रत्येक संपादक ते आपापल्या परीनं लावतो. एमिली डिकिन्सननं अठराशेच्या आसपास कविता लिहिल्या, हयातीत जेमतेम दहा छापल्या. बाकीच्यांचा गठ्ठा ती गेल्यावर बहिणीला सापडला. काफ्कानं तर मित्राला, माक्स ब्रोडला, लिहूनच ठेवलं होतं की सगळं जाळून टाक. ब्रोडनं जाळलं नाही. १९२५, २६, २७, ओळीनं तीन वर्षांत तीन अपुऱ्या कादंबऱ्या काढल्या. त्यातली 'द कॅसल' वाक्याच्या मध्येच तुटते. ब्रोडनं ऐकलं नाही हे वाचक म्हणून मला बरंच वाटतं. लिहिणारी म्हणून मात्र अंगावर काटा येतो.

सगळ्यात जवळचे मला वाटतात अरुण कोलटकर. आपल्या कोल्हापुरातच जन्मले म्हणूनही असेल. 'जेजुरी' १९७६ ची, मराठी कवितांचं पुस्तक १९७७ चं. मग जवळजवळ पंचवीस वर्षं पुस्तक नाही. लिहिणं चालूच होतं. नंतर २००३-०४ मध्ये, आजारी असताना, एकदम ढीग: 'भिजकी वही', 'चिरीमिरी', 'द्रोण', आणि इंग्रजीतली दोन. २००४ च्या सप्टेंबरात ते गेले. अशोक शहाणे यांच्यासारखा मित्र-प्रकाशक पाठीशी नसता तर यातलं किती बाहेर आलं असतं? आणि 'भिजकी वही' हे नाव! पुरानंतर गच्चीत उभी राहून मला आधी तेच आठवलं, मग तुकोबा. पण इंद्रायणीनं तुकोबांच्या वह्या परत दिल्या म्हणतात. पंचगंगेनं माझी शाई ठेवून घेतली.

मला वाटतं, आपल्या काहिलीपाशी आपण जळव्या असतो. चिपाडं सारत राहायचं. पाक उकळतोय, वास सुटलाय, अजून एक कढ येऊ दे. खरं सांगायचं तर त्या कढाचीच गोडी असते. कथा वहीत आहे तोवर ती उत्तम आहे, उद्या आणखी उत्तम होणार आहे. छापली की जेवढी आहे तेवढीच. म्हणून "घ्या" म्हणणारा दुसरा लागतो. आबांनीसुद्धा स्वतःच्या उसाच्या गुऱ्हाळाला शेजारच्या गावचा गुळव्या बोलावला होता. मी लहान होते, हसले होते. ते म्हणाले, "आपल्या रसाला आपली बोटं लबाडी करत्यात गं."

तर गेल्या दिवाळीत त्या अकरा सुरुवातींची कथा एका वहीत उतरवून काढली आणि आमच्या गल्लीतल्या वहिनींना वाचायला दिली. वहिनी करवीर नगर वाचन मंदिरातून आठवड्याला दोन पुस्तकं आणतात आणि आवडलं नाही तर तोंडावर सांगतात. परवा त्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात भेटल्या. वांग्यांच्या भावावर दहा मिनिटं बोलल्या, मग गवारीवर. वहीचं नाव नाही. मीही विचारलं नाही. पिशवीतून त्यांच्या एक वही डोकावत होती, पण ती निळ्या पुठ्ठ्याची होती, माझी तांबडी आहे.