आठात सातवा

गेल्या जुलैतली गोष्ट. बाहेर पावसानं झोडपून काढलं होतं आणि लॅबमधल्या स्क्रीनवर सोळा ठिपके दिसायच्या जागी पीठ सांडल्यासारखा पसारा दिसत होता. सलग तिसरा दिवस.

काम साधं वाटणारं, बिनतारी सिग्नल पाठवून तो परत वाचायचा. पाठवणाऱ्या बाजूला दोन अँटेना, घेणाऱ्या बाजूला एक, आणि मध्ये सियावश अलामौतींचा १९९८ सालचा कोड. हा कोड मी कितीदा तरी शिकवलाय, तरी दर वेळी त्याच्या नेमकेपणाचं नवल वाटतं. सिम्बॉल म्हणजे काही बिटांऐवजी पाठवायची एक संख्या, वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेली. आधी पहिली अँटेना पहिला सिम्बॉल पाठवते, दुसरी दुसरा. लगेच पुढच्या खेपेला अदलाबदल: पहिलीवरून दुसऱ्या सिम्बॉलचा कॉन्ज्युगेट (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवलेलं रूप), तोही उणे चिन्ह लावून, आणि दुसरीवरून पहिल्याचा कॉन्ज्युगेट. बस्स. रिसीव्हरला थोडा गुणाकार-बेरीज करून दोन्ही सिम्बॉल स्वच्छ वेगळे काढता येतात, आणि एका वाटेवर सिग्नल बुडाला तरी दुसरी वाट त्याला तारते. पाठवणाऱ्याला वाटेची काही खबर असावी लागत नाही.

मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. १९५६ साली तिथूनच शिकून बाहेर पडले ते थॉमस कैलाथ. त्यांना आणि अरोग्यस्वामी पॉलराज यांना १९९४ मध्ये अनेक अँटेनांच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. त्यामुळे हा विषय मला घरचा वाटतो, आणि म्हणूनच ते पीठ जास्त टोचत होतं.

कारण बीपीएसकेवर, म्हणजे सिम्बॉलमागे एकच बिट पाठवणाऱ्या साध्या पद्धतीवर, सगळं चोख चाललं होतं. रिसीव्हर ट्रॉलीवर ठेवून खोलीभर फिरवायचो आणि चुका मोजायचो. पॉवर दहापट केली की चुका जवळपास शंभरपट कमी व्हायच्या. दोन वाटा खरंच उपयोगी पडताहेत याची ही खूण. मग सोळा-क्वाम लावलं, म्हणजे सिम्बॉलमागे चार बिटं आणि स्क्रीनवर सोळा ठिपके, पुढे चुका दुरुस्त करणारा कन्व्होल्युशनल कोड आणि बिटांचा क्रम विस्कटणारा इंटरलीव्हर जोडला, आणि डीकोडरमधून कचरा यायला लागला.

पहिला संशय अ‍ॅम्प्लिफायरवर. सोळा-क्वाममध्ये सिग्नलची उंची सारखी बदलते, अ‍ॅम्प्लिफायर थोडा जरी वाकडा वागला तरी बाहेरचे ठिपके आत ओढले जातात. पॉवर उतरवली, फरक शून्य. एक दिवस इंटरलीव्हर तपासण्यात गेला. तो निर्दोष होता. तिसऱ्या दिवशी पॉवर चढवत नेली. पसारा तसाच, चुकाही तेवढ्याच. नॉइज असता तर पॉवरपुढे दबला असता. म्हणजे आमचाच सिग्नल आमच्याच सिग्नलवर पडत होता.

तेव्हा दुसऱ्या अँटेनेची केबल काढून त्या पोर्टवर सिग्नल तिथेच जिरवणारं ५० ओहमचं टर्मिनेशन लावलं. क्षणात सोळा ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे! हायसं वाटलं, पण दोनच सेकंद. खाली चुकांचा आकडा ०.१२५ दाखवत होता आणि हलत नव्हता. चित्र स्वच्छ, तरी आठात एक बिट चुकीचं.

माझ्यासोबत नवी रुजू झालेली एक सहकारी होती. डीकोडर बंद करून तिनं कच्ची बिटं समोरासमोर लावली आणि बोट ठेवून मोजायला लागली.

"सर, हे कुठलंही एक नाहीये. दर आठात सातवंच. प्रत्येक वेळी."

आठ बिटं म्हणजे दोन सिम्बॉल. सातवं म्हणजे आमच्या मांडणीत दुसऱ्या सिम्बॉलच्या काल्पनिक भागाचं चिन्ह. दुसरा सिम्बॉल आडव्या अक्षावर उलटा पडत होता. सोळा ठिपक्यांची चौकट उलटी केली तरी तशीच दिसते, म्हणून चित्रात काही कळत नव्हतं.

चूक मॅटलॅब या सॉफ्टवेअरमधल्या एका ओळीत होती, आणि ती ओळ मीच लिहिलेली. मॅट्रिक्सपुढे नुसता अवतरणचिन्हासारखा फराटा दिला की ट्रान्सपोजसोबत (ओळी आणि स्तंभांच्या अदलाबदलीसोबत) कॉन्ज्युगेटही होतो. त्याआधी टिंब दिलं की नुसता ट्रान्सपोज. तिथे टिंब होतं. पाठवताना कॉन्ज्युगेट होतच नव्हता, रिसीव्हर मात्र तो झालाय असं धरून चालला होता. बीपीएसकेचे सिम्बॉल वास्तव संख्या, अधिक एक नाही तर उणे एक. त्यांचा कॉन्ज्युगेट म्हणजे तेच ते. आठवडाभराची आमची चाचणी या चुकीपुरती आंधळी होती.

कोड एकाने तपासावा, मॉड्युलेशन (बिटांचे सिम्बॉल बनवणं) दुसऱ्याने, ही आपल्याकडची कामाची वाटणी मला त्या दिवसापासून पटत नाही. गॉटफ्रीड उंगरबेक या संशोधकांनी १९८२ मध्येच दाखवून दिलं होतं की दोन्हींचा विचार एकत्र केला तर जास्तीची बँडविड्थ न खर्चता फायदा मिळतो. अँटेना दोन झाल्या की या गाठीत तिसरा धागा येतो. हे मला तोंडपाठ होतं, तरी चाचणी आखताना मी ते सुटं सुटं केलं.

टिंब काढलं. केबल परत लावली, कनेक्टर नीट आवळला. पसाऱ्यातून सोळा ठिपके वर आले. डीकोडर सुरू केल्यावर सहकारी ट्रॉली ढकलत दाराबाहेर गेली, व्हरांड्यातून थेट लिफ्टपर्यंत. वळणावर पहिल्या अँटेनेच्या सिग्नलचा आकडा एकदम ढासळला. मी चुकांच्या रकान्याकडे बघत होतो. तिथे शून्यच होतं. "अजून पुढे जाऊ का?" तिनं लांबून विचारलं. मी म्हटलं, "जा."