लास्ट किती?

डिसेंबरात कुलर शोधणाऱ्या बाईकडे लोक जरा काळजीनेच बघतात. जळगावात त्या आठवड्यात पहाटे स्वेटरवर शाल लागत होती, मळ्यामळ्यांतून भरिताच्या पार्ट्या चालल्या होत्या, आणि मी गोधडीत मोबाइल धरून जुन्या वस्तूंच्या ॲपवर ‘कुलर लोखंडी मोठा’ असं टाइप करत होते. एप्रिलमध्ये पारा 43 च्या पुढे सरकला की आमच्या जिल्ह्यात कुलर विकायला काढणारा माणूस सापडत नाही. सापडलाच तर कुलर तरी बिघडलेला असतो, नाहीतर भाव तरी. जुन्या वस्तू घ्यायच्या तर मोसम उलटा धरायचा, हे कळायला मला दोन उन्हाळे घामात काढावे लागले.

घरात पहिला अडथळा सासूबाईंचा. त्या मूळच्या अमळनेरकडच्या. “दुसरानी वापरेल चीज आपला घरमा नको,” असं म्हणून त्या विषय मिटवतात. याच सासूबाईंनी माझ्या लग्नात आपल्या सासूच्या पाटल्या मोडून मला हार घडवला होता. आमचं गाव सोन्यासाठी नावाजलेलं. इथल्या सराफ बाजारात रोज किती घरांचं उतरलेलं सोनं मोड म्हणून येतं आणि नवं होऊन दुसऱ्याच घरी जातं, त्याला सेकंडहँड म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही. आटवलं की सोवळं. कुलर आटवता येत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

तर मी जाहिराती वाचते. घ्यायचं काही नसलं तरी वाचते. दुपारी दुसऱ्या बायका मालिका बघतात तसं. आमच्या भागात वस्तू कुठून निघतात हे हळूहळू कळायला लागतं. भुसावळकडच्या जाहिराती बदलीच्या. रेल्वे, आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र, सगळी बदलीची माणसं. मे-जून आला की तिथून दिवाण, कपाटं, वॉशिंग मशिन निघतात आणि खाली ‘अर्जंट, घर खाली करायचे आहे’ असतं. बांभोरीकडे विद्यापीठ नि कॉलेजं, म्हणून परीक्षा संपली की स्टडी टेबलं आणि सायकली. आणि मग अधूनमधून एखादी जाहिरात अशी, की तिच्यामागचं घर दिसतं. ‘पाळणा सागवानी, वापर नाही.’ यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच बंद केला.

भाषाही या बाजाराची वेगळीच. ‘सिंगल हँड’ म्हणजे एकाच मालकाची, ‘थोडा स्क्रॅच’ म्हणजे एक बाजू गेलेली, ‘फिक्स रेट’ म्हणजे दोनशे कमी होतील. ‘टाइमपासवाल्यांनी मेसेज करू नये’ हे लिहिणाऱ्याला हटकून तसेच मेसेज येतात. आणि घेणाऱ्याचे प्रश्न दोनच: ‘अव्हेलेबल?’ आणि ‘लास्ट किती?’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घेणारा आधी घोड्याचे दात बघतो, चालवून बघतो, आणि मग कुठे गोष्ट भावावर येते. गुरांच्या बाजारात तर रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, शेजारच्यालाही पत्ता नाही. आमच्या ॲपवर वस्तू डोळ्यांनी बघायच्या आधीच माणूस शेवटाला पोचलेला असतो.

फसायची वेळ एकदाच आली, तीही आम्ही विकत असताना. मुलाचं टेबल जाहिरातीत टाकलं आणि दहा मिनिटांत फोन. समोरचा लष्करात, हिंदी अदबशीर, घासाघीस अजिबात नाही. तिथेच ओळखायला हवं होतं. खानदेशात घासाघीस न करणारं गिऱ्हाईक कोणी पाहिलंय? त्याने कोड पाठवला, ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ नवऱ्याचा अंगठा तिसऱ्या आकड्यावर होता तेव्हा आमचा बारावीतला मुलगा आतल्या खोलीतून ओरडला. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात. 1930 हा सायबर तक्रारीचा नंबर तेव्हापासून आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. टेबल अजून घरीच आहे.

आता कुलर. फोटो तिरका, मागे वाळत घातलेली साडी, किंमत साडेतीन हजार, अंतर 18 किलोमीटर. हे अंतर ॲप सरळ रेषेत मोजतं, म्हणजे कावळ्याच्या सोयीने. वस्तू यावल तालुक्यात होती, मध्ये तापी आडवी. विदगावच्या पुलावरून वळसा घालून गेलो तेव्हा काटा तिशीच्या पुढे गेला होता. दोन्ही बाजूंना केळी, थंडीला बिचकून पिवळट पडलेल्या पानांची. छोट्या हत्तीवाल्याने, म्हणजे टेम्पोवाल्याने, नऊशे रुपये ठरवले होते आणि वाटभर तो मला पटवत होता की एवढ्यात नवा आला असता. नवऱ्याचंही तेच मत होतं, फक्त तो बोलत नव्हता.

मी ठरवूनच गेले होते: अडीचपासून सुरू करायचं, पावणेतीनच्या वर जायचं नाही. दार उघडलं सत्तरीच्या बाईंनी. मुलगा पुण्याला, त्याने खोलीत एसी बसवून दिला, म्हणून हा ओसरीत पडून. मी गुरांच्या बाजारातल्यासारखी तपासणी केली. टाकीच्या तळाला गंज नाही, कोपऱ्यात एम-सीलचा एक ठिगळ, जाळ्यांमधलं गवत जुनं पण त्यावर क्षारांचा पांढरा थर नाही. बटण दाबलं. पंखा फिरला आणि खडखड करायला लागला.

“आवाज येतोय,” मी म्हणाले. भाव पाडायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

“तो नवा होता तवापासून बोलतो,” बाई शांतपणे म्हणाल्या. “बस. तुह्यं माहेर कुठलं वं?”

इथे मी चुकले. जळगाव सांगून मोकळं व्हायचं होतं. मी पारोळा म्हणाले. मग कोणत्या गल्लीत, कोणाची, शाळा कोणती. तिसऱ्या मिनिटाला निघालं की मला चौथीला शिकवणाऱ्या बाई म्हणजे यांच्या जाऊबाईंची सख्खी बहीण. मला ज्यांनी पाढे पाठ करेपर्यंत उभं केलं त्यांच्या घरच्या माणसाशी मी आता पाचशे रुपयांसाठी भांडणार होते. चहा आला. चहामागे बिबडे तळून आले. आणि मग मी आजवर पाहिलेली सगळ्यात विचित्र घासाघीस सुरू झाली.

“आता तुले काय भाव सांगू, माय! दोन दे.”

“नाही मावशी, साडेतीन लिहिलंय ना.”

“ते लोकांसाठी लिहेल आहे.”

“मग तीन तरी घ्या.”

नवरा माझ्याकडे असा बघत होता की ही कोण बाई. मी वर चढत होते, मावशी खाली उतरत होत्या, आणि छोटा हत्तीवाला दारात उभा राहून दोघींमध्ये तोड काढत होता. सव्वादोनला तुटलं. वर भरताची चार वांगी, केळ्यांची एक फणी आणि जाऊबाईंच्या बहिणीला फोन करायची तंबी. परतताना नवऱ्याने हिशोब मांडला: सव्वादोन, भाडं नऊशे, नव्या गवताच्या जाळ्या तीनशे, चहाच्या वेळी पोराच्या नावाने मावशींच्या हातून आलेले आणि आपण परत केलेले शंभर. मी त्याला केळं सोलून दिलं.

सासूबाईंनी कुलर दारातच अडवला, पण वांगी उचलून बघितली. “बामनोदकडनी शे का?” एवढंच विचारलं. वांगी आत गेली, मागोमाग कुलरही गेला. बाहेरून गंगाजळ शिंपडल्याचा आवाज मी ऐकला नाही असं दाखवलं. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, त्याच्यापुढे सगळ्यात आधी उशी टाकून कोण झोपलं होतं ते लिहीत नाही. त्यांना मोबाइल वाचता येतो.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी मावशींचा फोन आला. कुलर ठीक आहे का, म्हणून. मी म्हणाले, हवा छान देतो, फक्त खडखड थांबत नाही.

“डाव्या अंगाले, वरच्या पत्र्यावर एक थाप मार. जोरात नको.”

मी फोन खांद्याशी धरून थाप मारली. कुलर गप्प झाला.

“झाला ना? पानी कोनतं भरते तू त्याच्यात? नळाचंच भर. बोरचं नको भरू, त्याले सवय नाही.”