राजीनामा का दिला नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर आणि एकदा तर दहाव्याच्या घाटावरून परतताना, गेली तीन वर्षे लोक मला एकच प्रश्न विचारत आले आहेत. नववीच्या मुलांना शाळा सोडल्याचे दाखले देऊन वाटेला लावण्याचा प्रकार तुम्हाला पटला नाही, भर सभेत तुम्ही अध्यक्षांच्या विरोधात बोललात, मग त्याच संस्थेच्या विश्वस्त म्हणून अजून कशा राहिलात? राजीनामा का दिला नाहीत? विचारणाऱ्यांपैकी काहींना खरेच जाणून घ्यायचे असते; बाकीच्यांना मी खुर्चीला चिकटले आहे एवढे माझ्याच तोंडून वदवून घ्यायचे असते. दोघांनाही मी आजवर 'सांगेन कधीतरी' म्हणून टाळत आले. आता एकदाच लिहून टाकते.

संस्थेचा इतिहास, अध्यक्षांचे घराणे आणि दोन गटांमधले जुने वैर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळत नाही. माझ्याविषयी एवढेच की बँकेत 28 वर्षे खातेवह्या तपासून मी निवृत्त झाले आणि हिशेब वाचता येणारे कोणीतरी हवे म्हणून मला सात विश्वस्तांमध्ये घेतले. मुलांची बाजू मांडायला मला कोणी बोलावले नव्हते आणि मीही त्यासाठी गेले नव्हते. पहिली चार वर्षे लेखापरीक्षणाचा अहवाल, वेतनेतर अनुदान, गळके छप्पर आणि धर्मादाय आयुक्तांकडे पाठवायचे बदल अर्ज यांतच गेली. त्या चारही वर्षांच्या इतिवृत्तांमध्ये 'नववीच्या निकालाबाबतचे सर्व अधिकार मुख्याध्यापकांना देण्यात येत आहेत' असा एक ओळीचा ठराव आहे आणि त्याखाली इतरांबरोबर माझीही सही आहे. ठराव मी वाचला नव्हता असे नाही. निकाल मुख्याध्यापकांनी लावायचा नाही तर कोणी, असे मनात म्हणून पुढच्या विषयाकडे वळले होते.

या एका ओळीत काय दडले होते, ते शाळांशी संबंध असलेल्यांना नव्याने सांगायला नको. मंडळ दहावीचा निकाल जाहीर करते तेव्हा नियमित, पुनर्परीक्षार्थी आणि खासगी विद्यार्थ्यांचे आकडे वेगवेगळे देते. शाळेच्या फाटकावरच्या फलकावर लागतो तो फक्त नियमित विद्यार्थ्यांचा. गणितात किंवा इंग्रजीत 35 गुणांपर्यंत पोहोचेल की नाही अशी शंका असलेले मूल दहावीच्या हजेरीपटावर चढण्याआधीच वजा झाले, तर शंभर टक्क्यांची बेरीज आपोआप जमते. आठवीपर्यंत हे करता येत नाही, कारण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढायला बंदी आहे. ते संरक्षण नववीच्या उंबरठ्यावर संपते आणि नेमकी तेवढीच गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मग पालकाला बोलावून विचारायचे: नापास करू, की वर चढवून दाखला देऊ? दुसरी शाळा बघा, नाही तर बाहेरून दहावीला बसायचा 17 नंबरचा फॉर्म भरा. वर्ष वाया जाण्याच्या भीतीने पालक स्वतःच दाखला मागतो. कागदोपत्री शाळेने कोणालाच काढलेले नसते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाई माझ्या घरी आल्या. ब्लाउज शिवून घर चालवणाऱ्या, माझ्या पूर्वी कधीतरी तोंडओळखीच्या. त्यांनी पिशवीतून शिवणाच्या कापडांच्या घडीत ठेवलेला शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि माझ्यासमोर टेबलावर पसरला. मुलाची जन्मतारीख अंकी आणि अक्षरी होती. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. त्या रकान्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ताई, मी विनंती केली होती हे खरं आहे. पण ती त्याला ठेवून घ्या म्हणून केली होती."

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. विश्वस्त म्हणून जनरल रजिस्टर, म्हणजे मुले शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही, पाहायला मागितले, तेव्हा लिपिकाने जरा वेळ लावला, पण दिले. एकाच आठवड्यात नववीच्या 11 मुलांची नावे लाल शाईने कमी केलेली होती आणि अकराही नोंदींपुढे तेच कारण, त्याच अक्षरात. मग मी पालकांचे अर्ज मागितले. ते सगळे एकाच नमुन्याच्या झेरॉक्स प्रती होत्या. कारण आधीच टंकलिखित होते आणि पालकाने फक्त नाव व सही टाकायची होती. मूळ कागद कधीतरी तिरका ठेवला गेला असावा, कारण प्रत्येक प्रतीच्या डाव्या कोपऱ्यात काळी तिरपी पट्टी उमटली होती. बँकेत खोटी कागदपत्रे ओळखायला मी शिकले होते. इथे एकही कागद खोटा नव्हता. अकरा सह्या खऱ्या होत्या, त्यांतल्या दोन अंगठ्याच्या.

यानंतर मी जे केले तेच मला आजही खाते. मुख्याध्यापकांचे दालन त्याच मजल्यावर, रजिस्टरच्या कपाटापासून वीस पावलांवर होते. ते आत बसलेले होते. दाखला अजून दुसऱ्या कोणत्याही शाळेत जमा झाला नव्हता, तो त्या बाईंच्या पिशवीत होता. तो परत घेऊन, रद्द करून, रजिस्टरमध्ये शेरा मारून त्या मुलाचे नाव पुन्हा पटावर घेणे तेव्हा शक्य होते. मी मात्र घरी आले, त्या बाईंना निरोप पाठवला की हा विषय मी पुढच्या सभेत रीतसर मांडते, तोवर धीर धरा, आणि टिपणे काढायला बसले. सभा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होती. मला वाटत होते, एका मुलासाठी आत जाऊन शब्द टाकणे म्हणजे वशिला; अकरा मुलांसाठी ठराव आणणे म्हणजे काम. आज मी त्या वेळच्या मला विचारते की बाई, वशिला तर वशिला, एक मूल वर्गात बसले असते ना? ती मला उत्तर देते की मग उरलेल्या दहांचे काय, आणि त्यांच्या आया कोणाकडे गेल्या असत्या? आमचे हे भांडण अजून मिटलेले नाही. तिचे म्हणणे मला पूर्ण चुकीचे ठरवता येत नाही, पण तिला दालनात जायची भीती वाटली होती, हेही मला माहीत आहे आणि तिलाही.

जून उजाडेपर्यंत त्या मुलाला 14 किलोमीटरवरच्या एका शाळेत दहावीत प्रवेश मिळाला होता. एसटीची एकच गाडी वेळेवर पोहोचवायची. दिवाळीनंतर त्याने जाणे सोडले.

सभेत मी बोलले, त्याची मोठी चर्चा झाली, आणि ती चर्चा जशी तुमच्यापर्यंत आली तशी ती घडली नाही, म्हणून सांगते. अध्यक्ष ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारले, "निकाल नव्वदवर आला तर पुढच्या जूनला पाचवीत मुलं कोण घालणार? पट घसरला की सरकारच्या संचमान्यतेत शिक्षकांची पदं कमी होतात. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांच्या घरी तुम्ही जाणार आहात का?" हा युक्तिवाद फसवा आहे असे म्हणून मी मोकळी होऊ शकत नाही. आजूबाजूला इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बस फिरतात. पालक फलक वाचूनच शाळा निवडतात. माझ्या स्वतःच्या बहिणीने नातीसाठी तसेच केले. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की विज्ञान शिकवणारी एखादी चांगली शिक्षिका समायोजनात कुठेतरी लांब पाठवली जाते, आणि त्याचा तोटाही मुलांनाच होतो. मुलांच्या बाजूने बोलायचे म्हणजे कोणत्या मुलांच्या, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर आला आणि माझ्या टिपणांमध्ये त्याचे उत्तर नव्हते.

माझ्याकडे होते ते एवढेच. आमच्या घटनेतला पहिला उद्देश 'परिसरातील मुलामुलींना शिक्षण देणे' असा आहे, त्यात निकालाचा शब्दही नाही, आणि 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली आम्ही त्या उद्देशाला बांधलेले आहोत. शिवाय दहावीत नापास होणाऱ्या मुलाला 2015 पासून त्याच वर्षी फेरपरीक्षा देता येते. एखाद-दोन विषय राहिले तर ते नंतर सोडवायच्या अटीवर, म्हणजे एटीकेटीवर, अकरावीचे दारही उघडे असते. म्हणजे आम्ही ज्या अपयशापासून या मुलांना वाचवतो असे सांगत होतो, त्यातून उठण्याची सोय होती. नववीतून दाखला घेऊन गेलेल्या मुलासाठी मात्र तशी कोणतीच फेरी नव्हती. हे ऐकून एक सदस्य म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही व्यवहार बघत नाही." बँकेतल्या माझ्या 28 वर्षांचा त्या वाक्यात निकाल लागला.

ठराव तरीही झाला, चार विरुद्ध तीन मतांनी, आणि तो माझ्या बोलण्यामुळे झाला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोन मते अध्यक्षांवरच्या जुन्या रागाची होती. नववीतला कोणताही दाखला पालकाने स्वतःच्या हस्ताक्षरात कारण लिहून दिल्याशिवाय आणि एका विश्वस्ताने पालकाशी समक्ष बोलल्याशिवाय द्यायचा नाही, असे ठरले. त्या ठरावामुळे पुढच्या वर्षी जी नऊ मुले अन्यथा गळली असती, ती दहावीला बसली. सहा उत्तीर्ण झाली. तिघे झाले नाहीत आणि त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांनी मला रस्त्यात थांबवून सांगितले की तुमच्यामुळे पोराची नाचक्की झाली. त्या वर्षी फलक लागला नाही. पाचवीत आठ मुले कमी आली, ती त्यामुळेच की नव्या इंग्रजी शाळेमुळे, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवले. मी शिक्षक कक्षात गेले की चहा येतो, पण बोलणे थांबते.

आता राजीनाम्याकडे येते. मी राजीनामा दिला असता तर वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर चार ओळी आल्या असत्या, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेला असता आणि रिकाम्या जागी कोणाचे नाव आले असते, ते तुम्हीही सांगू शकता. चारचे तीन झाले असते. विश्वस्त म्हणून जे रजिस्टर मी कपाट उघडून पाहते, तेच मला माहिती अधिकारात अर्ज करून 30 दिवस वाट पाहून मागावे लागले असते, आणि तीस दिवसांत दाखल्याचे काय होते ते मी एकदा पाहिले आहे. हे माझे कारण आहे आणि ते खरे आहे.

पण ते पुरते खरे नाही, हेही लिहिते. 26 जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी पुढच्या रांगेत माझ्या नावाची खुर्ची असते, ती मला आवडते. निवृत्तीनंतर 'मॅडम, जरा बघता का' म्हणत कागद घेऊन कोणीतरी दाराशी येते, तेही आवडते. राजीनामा देऊन त्या चार सह्यांची जबाबदारी आपण कमी करून घेऊ, असे एका रात्री मला जोरात वाटले होते आणि मी पत्र लिहूनही ठेवले होते. ते अजून टेबलाच्या खणात आहे, तारीख न घातलेले. आत राहून मी काही अडवते की माझ्या तिथे असण्याने संस्थेला 'आमच्याकडे ताईंसारखी माणसे आहेत' असे म्हणण्याची सोय होते, हे मला खात्रीने कळत नाही. काही दिवशी एक वाटते, काही दिवशी दुसरे.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे मी नंतर गेले होते. 17 नंबरच्या फॉर्मची फी भरते आणि गणिताची शिकवणी लावून देते, असे म्हणाले. त्यांनी हातातली सुई थांबवली नाही. "पैशासाठी मी आले नव्हते तुमच्याकडे," एवढेच म्हणाल्या. मुलाने पुढे तो फॉर्म स्वतः भरला, इतकेच मला लिपिकाकडून कळले. निकाल मी विचारला नाही. का विचारला नाही, हे मात्र कृपया मला विचारू नका.

आणि ज्यांना वाटते की ठराव झाला म्हणजे विषय संपला, त्यांच्यासाठी: या वर्षीच्या नववीतल्या दोन नोंदी मी परवा पाहिल्या. दोन्ही अर्ज पालकांच्या हस्ताक्षरातले आहेत, एका सदस्याने 'समक्ष बोललो' अशी सहीही केली आहे आणि कारणाच्या रकान्यात 'स्थलांतर' लिहिले आहे. त्यांतले एक कुटुंब माझ्या मागच्या गल्लीत राहते. काल संध्याकाळी त्यांच्या दाराशी दिवा होता आणि मुलगी ओट्यावर बसली होती. सभा 19 तारखेला आहे. मी सोमवारी सकाळी, शाळा उघडताच, दालनात जाणार आहे.