एकच एफआयआर, दोघांना वेगळा न्याय

तालुका कोर्टात वकील आहे, फौजदारी केसेस बघतो. लॉकडाऊनमध्ये कलम 188 च्या, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याच्या, केसेस एवढ्या आल्या की एफआयआर पाठ झाली होती, 'मा. जिल्हाधिकारी यांचे आदेशाचे उल्लंघन करून विनाकारण फिरताना मिळून आला', मजकूर तोच, फक्त नाव आणि गाडी नंबर वेगळा.

त्यातले दोघे चुलतभाऊ. एप्रिल 2020, कलिंगडाचा टेम्पो, वेळेनंतर नाक्यावर अडवला. गुन्हा साथरोग कायदा 1897 चा. प्लेगच्या वेळचा हा कायदा, राज्य सरकारने मार्च 2020 मध्ये लागू केला आणि अधिकार कलेक्टर, आयुक्तांकडे दिले. त्यात शिक्षा म्हणजे तेव्हा थेट भादंवि (भारतीय दंड विधान) 188. आणि 188 ची गोम अशी होती की तेव्हाच्या सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) 195 प्रमाणे ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने स्वतः कोर्टात लेखी तक्रार द्यावी लागायची, नुसत्या पोलीस चार्जशीटवर कोर्टाला दखलच घेता येत नव्हती, म्हणजे केस चालवायलाच घेता येत नव्हती. या फाईलमध्ये पंचनामा होता, जबाब होते, आदेशाची झेरॉक्स पण होती, तक्रार नव्हती. नाक्यावर उन्हातान्हात उभ्या पोलिसांवर माझा राग नाही, पण रोज नवा आदेश काढणाऱ्या ऑफिसांना एक तक्रार टाईप करायला माणूस मिळू नये हे मला आजही पटत नाही.

2021 च्या लोकअदालतीला थोरला आला. मी त्याला हे सगळं समजावलं, लढू म्हटलं. तो म्हणाला, "वकीलसाहेब, दंड किती ते सांगा, भरतो आन् मोकळा होतो. दर तारखेला धंदा बुडवू का?" गुन्हा कबूल, पाचशे रुपये, पावती. धाकटा त्या दिवशी माल घेऊन वाशीला गेलेला म्हणून त्याचं प्रकरण पेंडिंग राहिलं.

2022 मध्ये सरकारने 188 च्या केसेस मागे घ्यायचं ठरवलं. मागे घेता येतात त्या चालू केसेस. म्हणजे जो आलाच नाही तो सुटला आणि ज्याने कोर्टाचा मान ठेवून पहिल्या फटक्यात दंड भरला तो रेकॉर्डवर दोषी. परवा थोरला रिक्षाच्या बॅजसाठी पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद घेऊन आला, शेरा हाच.

कबुलीवर अपील नाही. सेशन्स कोर्टात रिव्हिजन (खालच्या कोर्टाचा आदेश तपासायचा अर्ज) टाकतोय, सोबत विलंब माफीचा अर्ज. मुद्दा एकच, तक्रारच नव्हती तर दखल कशाची घेतली?