गेमने सांगितलेलं वय आणि शिंप्याची टेप

निन्टेंडोच्या ‘वी फिट’ या व्यायामाच्या व्हिडिओ गेमने २००७ साली ‘शरीराचं वय’ सांगायला सुरुवात केली. पंचेचाळिशीतला माणूस आज छत्तीसचा निघतो, उद्या बावन्नचा. त्यात मुख्य हिशेब बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आणि तोल सांभाळायच्या चाचण्यांचा. ज्या पाटावर उभं राहून हा गेम खेळायचा, त्याला साखर, रक्तदाब काय कळणार! पाटाला चार सेन्सर असतात. खाली सतरंजी किंवा योगा मॅट असेल तर आकडा हलतो, म्हणून थेट फरशीवर ठेवा.

उंचीही खरीच भरा. ६५ किलोला १६८ सेंमी उंची धरली तर बीएमआय २३ येतो. १७१ लिहिली की २२.२. गेम २५ पर्यंत ‘नॉर्मल’ म्हणतो, पण आपल्याकडे जादा वजन २३ पासूनच धरतात. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. जास्त कोणाची, ते ओळखलंच असेल.

म्हणून कंबर मोजायला शिंप्याची टेप घ्या. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पँट पोटाखाली बसते. कुशीत बोटाने चाचपून शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक शोधा, दोन्हींच्या मधोमध टेप लावा. ती पाठीमागे घसरते, आरशात बघा. श्वास सहज सोडल्यावर वाचा, पोट आत ओढून नाही. दोनदा मोजा, सेंटीमीटरहून जास्त फरक पडला तर पुन्हा. पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंमीच्या आत हवी. उंचीच्या निम्म्याहून कमी असेल तर उत्तमच.

निन्टेंडोच्याच ‘रिंग फिट’ या दुसऱ्या व्यायामाच्या गेममध्ये पावलं टिपणारा पट्टा डाव्या मांडीवर घट्ट हवा. सैल पट्टा खाली सरकतो आणि जागच्या जागी धावलेली पावलं मोजलीच जात नाहीत. खालच्या मजल्यावरून तक्रार आली तर आवाज न करणारा मोड लावा, धावण्याऐवजी गुडघे वाकवायचे. कॅलरीचा आकडा अंदाजाचाच. त्यावर जिलेबी मंजूर करू नका.

दम वाढला का, हे नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या जास्त खरं सांगतात. दर महिन्याला त्याच वेगाने चढा, वर थांबून एक मिनिटाने नाडी मोजा आणि लिहून ठेवा.

वजन सकाळी, शौचानंतर, उपाशीपोटी. रविवारच्या मिसळीनंतर सोमवारी काटा किलोभर वर गेला तर घाबरू नका, मिठाने धरलेलं पाणी असतं ते, बुधवारी बघा.