सेव्हन्थ आणि आर्च: न्यायाधीश पीटर्स यांच्या मागावर फिलाडेल्फियात

ओल्ड सिटी हॉलमध्ये 1791 ते 1800 अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय बसायचं, म्हणून पर्यटक फिफ्थ आणि चेस्टनटच्या कोपऱ्यावर थांबतात. मला तिथून एक पायरी खाली जायचं होतं, फेडरल (म्हणजे केंद्राच्या) जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांच्याकडे. अध्यक्ष वॉशिंग्टननी 1792 मध्ये नेमलेले, 1828 मध्ये मरेपर्यंत पदावर. न्यायालय स्थापन झालं तेव्हा या पदाचा पगार वर्षाला 1600 डॉलर ठरला होता. कामात मोठा वाटा सागरी दाव्यांचा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दौऱ्यावर आले की सर्किट कोर्टात, म्हणजे त्यांच्या फिरत्या फेडरल न्यायालयात, त्यांच्या शेजारी बसायचं. करविरोधी बंडाचा पुढारी जॉन फ्राइस याच्यावरच्या राजद्रोहाचे 1799 आणि 1800 चे दोन्ही खटले असेच त्यांच्यापुढे आले.

तिथून दहा मिनिटं चाललं की सेव्हन्थ आणि आर्चचा चौक. पीटर्सच्या सर्वात गाजलेल्या प्रकरणातलं, राज्याचे खजिनदार डेव्हिड रिटनहाउस यांचं घर इथे होतं. ते शोधताना लोक रिटनहाउस स्क्वेअरला जातात. तो चौक पश्चिमेला एटीन्थ स्ट्रीटवर आहे, या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

प्रकरण 1778 चं. गिडियन ऑल्मस्टेड आणि त्याच्या तीन साथीदारांना ब्रिटिशांनी ‘ॲक्टिव्ह’ या जहाजावर कामाला जुंपलं होतं. त्यांनी उठाव करून जहाज ताब्यात घेतलं, पण पेनसिल्व्हेनिया राज्याच्या जहाजानं वाटेत गाठून त्यावर हक्क सांगितला. राज्याच्या ज्यूरीनं ऑल्मस्टेडला जहाजाच्या किमतीचा चौथा हिस्साच दिला. काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) अपील समितीनं सगळी रक्कम त्याची ठरवली, राज्यानं ते मानलं नाही, आणि राज्याचा वाटा खजिनदार रिटनहाउस यांच्याकडे राहिला, पुढे त्यांच्या मुलींकडे.

1803 मध्ये पीटर्सनी निकाल ऑल्मस्टेडच्या बाजूनं दिला. राज्याच्या विधिमंडळानं लगेच त्याविरुद्ध कायदा केला, तेव्हा पीटर्सनी अंमलबजावणी थांबवली. याला भित्रेपणा म्हणतात, मला तो धूर्तपणा वाटतो: जिल्हा न्यायाधीशाकडे फौज नव्हती, वरचा हुकूम हाती असल्याशिवाय राज्याशी भिडण्यात अर्थ नव्हता. 1809 मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांच्या सर्वोच्च न्यायालयानं मँडॅमस (निकाल अंमलात आणण्याचा हुकूम) काढला, पीटर्सनी वॉरंट काढलं, आणि जनरल ब्राइटच्या मिलिशियानं, म्हणजे राज्याच्या नागरी फौजेनं, संगिनी रोखून रिटनहाउसच्या मुलींच्या घराचं दार अडवलं. लोक त्या घराला ‘फोर्ट रिटनहाउस’ म्हणू लागले. गव्हर्नरनं अध्यक्ष मॅडिसनना मध्ये पडायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. राज्यानं शेवटी पैसे मोकळे केले. ब्राइटला सर्किट कोर्टात शिक्षा झाली, मॅडिसननी माफ केली.

घर आज नाही. त्याच चौकात आता फेडरल कैदखाना आहे, आणि त्याच्या दारावर मिलिशिया येण्याची शक्यता नाही.

पीटर्सची कबर थर्ड आणि पाइनच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे, ती पायी होते. त्यांचं जन्मघर बेलमाँट मात्र स्कूलकिल नदीपलीकडे फेअरमाउंट पार्कात, त्यासाठी टॅक्सी करा. तिथे त्यांनी शेतात जिप्समचे प्रयोग केले आणि 1797 मध्ये त्यावर लिहिलं. आत आता अंडरग्राउंड रेलरोडचं, म्हणजे गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याचं, संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा आधी बघून निघा.