वेचणीच्या दिवसांतला भाव

वडील होते तोवर आमच्या तालुक्याच्या मोंढ्यातील एका आडतीवर आमचे खाते चालत असे. जूनमध्ये तेथून खताबियाण्याची उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर कापूस त्याच आडतीवर घालायचा, असा अलिखित करार होता. त्यात भाव विचारण्याची सोय नव्हती. सेलू-मानवत भागात हे कोणाला नवे वाटणार नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकेविषयी वाचताना मला तेथील रेल्वेमालक आणि पोलादसम्राटांपेक्षा टेक्सास-जॉर्जियाचे कापूसवाले अधिक ओळखीचे वाटले.

यादवी युद्धानंतर दक्षिणेत रोकड उरली नव्हती, त्यामुळे गावचा दुकानदार उभ्या पिकाच्या तारणावर वर्षभराचा किराणा देई. त्याच्याकडे प्रत्येक वस्तूचे दोन भाव असत, एक रोखीचा आणि दुसरा उधारीचा. उधारीचा भाव मुळातच चढा आणि त्यावर पुन्हा व्याज. कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नसे, आणि कापसाखेरीज काही पेरलेले या दुकानदाराला सहसा खपत नसे. १८९४ मध्ये तर भाव पौंडाला पाच सेंटच्या आसपास आला.

टेक्सासच्या लॅम्पासास परगण्यात १८७०च्या दशकात जन्मलेली शेतकऱ्यांची 'अलायन्स' ही संघटना याच गाळातून वर आली. १८८८ मध्ये गाठींवर गुंडाळायच्या तागाच्या कापडाचा भाव कारखानदारांनी संगनमताने वाढवला, तेव्हा शेतकऱ्यांनी तागावर बहिष्कार घालून सुती कापडात गाठी बांधल्या. (तो कच्चा ताग जात होता आपल्या बंगालमधून, हे वाचून मी क्षणभर थबकलो.) पुढच्या वर्षी त्यांचे नेते चार्ल्स मॅक्यून यांनी मांडलेली योजना मला या सगळ्या चळवळीचे खरे डोके वाटते. वर्षाला पाच लाख डॉलरहून अधिक शेतमाल विकणाऱ्या परगण्यांत सरकारने गोदामे बांधावीत, माल तेथे ठेवून शेतकऱ्याला त्याच्या किमतीच्या ८० टक्के रक्कम १ टक्का व्याजाने द्यावी, आणि विक्रीसाठी वर्षभराची मुदत असावी. आपल्या बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना वेगळे काय सांगते?

४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथे या चळवळीतून निघालेल्या लोकपक्षाने (पीपल्स पार्टी) गोदामांची ही मागणी जाहीरनाम्यात घेतली, सोबत रेल्वेची सरकारी मालकी आणि चढता प्राप्तिकरही. त्यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला, जेम्स वीव्हर यांना, दहा लाखांहून अधिक मते पडली. १८९६ मध्ये मात्र पक्ष डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्या मागे गेला आणि चांदीची नाणी मुक्तपणे पाडण्याच्या मागणीच्या गदारोळात गोदामे मागे पडली.

या शेतकऱ्यांविषयीचे माझे कौतुक १८९१ पाशी अडखळते. त्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र अलायन्सने वेचणीसाठी शंभर पौंडांना एक डॉलर मागून संप पुकारला. मळेवाले पन्नास सेंटच्या घरात देत होते. गोऱ्या अलायन्सचे अध्यक्ष लिओनिडास पोल्क यांनी त्याला उघड विरोध केला. आर्कान्सासच्या ली परगण्यात पंधराच्या आसपास संपकरी मारले गेले.

आमच्याकडेही वेचणीचा दर किलोवर ठरतो. संध्याकाळी बांधावर ताणकाटा लावला जातो. गाठोडे वेचणाऱ्या बाईचे असते आणि काटा मी धरलेला असतो.